छोट्या स्क्रिप्टांची झाडाझडती : कामाच्या नोंदी

३ मार्च

सकाळीच सहकारी मैत्रिणीचा निरोप आला. "तू दिलेली नावं बदलायची स्क्रिप्ट चालवली. फोल्डरमध्ये ४३० फाइली होत्या, आता ४२१ आहेत. नऊ कुठे गेल्या?"

कारण लगेच सापडलं. ती स्क्रिप्ट (कमांडी एकापाठोपाठ चालवणारा छोटा प्रोग्राम) नावांमधली मोठी रोमन अक्षरं लहान करते आणि मोकळ्या जागेच्या ठिकाणी हायफन घालते. तिच्याकडे अशा काही जोड्या होत्या की दोन वेगळ्या फाइलींच्या नावांत फरक फक्त मोठ्या-लहान अक्षराचा किंवा हायफनचा. बदलानंतर दोघींचं नाव एकच झालं. फाइल हलवणारी एमव्ही कमांड त्या नावाची फाइल आधी असली तरी विचारत नाही, जुनीच्या जागी नवी ठेवते. हे नऊ वेळा झालं. तिच्याकडे कालचा बॅकअप होता म्हणून नऊही परत मिळाल्या.

ही स्क्रिप्ट मी सहा वर्षं वापरतोय. माझ्याकडे ती कधीच चुकली नाही, कारण माझ्या फाइलींची नावं कधी एकमेकांशी भिडली नाहीत. "नवी नावं एकसारखी होणार नाहीत" ही अट माझ्या डोक्यात होती, स्क्रिप्टमध्ये ती कुठेच नव्हती. दुसऱ्याच्या हातात कोड गेला आणि अट मागे राहिली.

ठरवलं: माझ्या सगळ्या छोट्या स्क्रिप्टा एका जागी आणायच्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर दोन ओळी लिहायच्या. पहिली "गृहीत", दुसरी "गृहीत मोडलं तर". जे गृहीत कोडनेच तपासता येतं ते तिथेच तपासायचं. नव्याने सुंदर लिहीत बसायचं नाही.

४ मार्च

मोजदाद. चार ठिकाणी विखुरलेलं सामान: होम फोल्डरमधला बिन, दोन जुन्या प्रकल्पांचे कोपरे, शेलमधली (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधली) टोपणनावं आणि वहीसारखी वापरलेली एक टेक्स्ट फाइल. एकूण ५८ तुकडे. त्यातले १७ हे दुसऱ्याच कुठल्या तरी तुकड्याची किंचित बदललेली प्रत निघाले. १२ आता लागत नाहीत. उरले २९.

एकाच कामाच्या तीन प्रतींमध्ये एकीतच दुरुस्ती केलेली होती. तीन वर्षांपूर्वी मला तो बग सापडला होता, मी तो दुरुस्त केला होता, आणि तरी गेल्या महिन्यात दुसऱ्या प्रकल्पात जुनीच प्रत चालवली होती. सगळं गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, घातलं. आता प्रत एकच.

५ मार्च

नावं बदलणाऱ्या स्क्रिप्टपासून सुरुवात. आधी ती एकेक फाइल घेऊन लगेच बदलायची. आता क्रम असा:

जुनं नाव आणि नवं नाव अशा सगळ्या जोड्यांची यादी आधी बनव.
यादीत एकही नवं नाव दोनदा येत नाही ना, ते बघ.
यादीबाहेरची कुठलीही फाइल त्या नावाने आधीच नाही ना, ते बघ.
एकही तक्रार असेल तर एकाही फाइलला हात न लावता थांब.

दुसऱ्या पायरीत तुलना करताना दोन्ही नावं लहान अक्षरांत आणूनच करायची. मॅकओएस आणि विंडोज यांच्या फाइल सिस्टिम सहसा मोठं-लहान अक्षर एकच मानतात. लिनक्सवर ती दोन वेगळी नावं ठरतात. लिनक्सवर निर्धोक असलेली यादी मॅकवर फाइल गिळू शकते.

अजून एक खाच: 'एक'चं 'दोन' आणि 'दोन'चं 'तीन' असं एकाच फेरीत करायचं असेल तर क्रम चुकला की मधली फाइल जाते. म्हणून आधी सगळ्यांना तात्पुरती नावं, मग खरी. शिवाय जोड्यांची यादी एका फाइलमध्ये जपून ठेवते, म्हणजे उलटी फेरी मारता येते.

ड्राय रनबद्दल (बदल न करता काय होईल तेवढंच दाखवणारी फेरी) माझं मत आज पक्कं झालं. बहुतेक जण "फक्त दाखव" हा पर्याय वेगळा ठेवतात आणि न सांगितल्यास स्क्रिप्ट खरोखर बदल करते. मी उलट केलं. नुसती चालवली तर फक्त दाखवते; खरंच बदलायचं असेल तर तसं लिहावं लागतं. रात्री उशिरा, थकलेल्या माणसाच्या हातून पर्याय विसरला जातोच. विसरण्याची किंमत "काहीच झालं नाही" एवढीच असावी.

७ मार्च

मोकळी जागा. शेलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय व्हेरिएबल वापरलं की त्याचे मोकळ्या जागेवर तुकडे पडतात. "अंतिम अहवाल" नावाची एक फाइल मग "अंतिम" आणि "अहवाल" अशा दोन होते. पुसणारी कमांड असेल तर "अहवाल" नावाची भलतीच फाइल पुसली जाईल.

युनिक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: तिरपी रेघ आणि शून्य बाइट. बाकी सगळं चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. म्हणजे "एका ओळीवर एक नाव" हेही गृहीतच. नावांची यादी एका कमांडकडून दुसरीकडे द्यायची असेल तर भरवशाचा विभाजक शून्य बाइट हाच. फाइली शोधणाऱ्या फाइंडला तसं छापायला सांगायचं आणि ती यादी दुसऱ्या कमांडला देणाऱ्या एक्सआर्ग्सला तसं वाचायला सांगायचं, दोघांनाही त्यासाठी पर्याय आहे. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसचं उत्तर तोडून वाचणाऱ्या माझ्या तीन स्क्रिप्टा होत्या, तिन्ही बदलल्या.

हायफनने सुरू होणारं नाव आलं तर कमांड त्याला पर्याय समजते. नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ लावली की प्रश्न मिटतो.

शेलचेक हे चुका दाखवणारं साधन सगळ्या शेल स्क्रिप्टांवर चालवलं. बहुतेक तक्रारी अवतरणचिन्हं नसण्याच्या. सगळ्या दुरुस्त केल्या, एकही "माझ्या फाइलींना लागू नाही" म्हणून सोडली नाही.

८ मार्च

आज बॅकअपची स्क्रिप्ट. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घ्यायचा, तो पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देऊन, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा, फाइल ठेवायची. शेवटी यश मिळालं का बघायचं. दिसायला ठीक.

पण पाइपलाइनचा निकाल म्हणून शेल शेवटच्या कमांडचा निकाल देतो. डंप पहिल्याच पावलाला पडला तरी जीझिप रिकामा प्रवाह व्यवस्थित दाबून ठेवतो आणि "झालं" म्हणतो. मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन बघितलं: २० बाइटची फाइल तयार झाली आणि स्क्रिप्टने यश कळवलं. त्या २० बाइटमध्ये जीझिपचं शीर्ष, शेपूट आणि मधे काही नाही एवढंच असतं. गेल्या चार वर्षांत हे कधी घडलं नव्हतं ना, हे बघायला जुन्या सगळ्या बॅकअप फाइलींचे आकार तपासले. नव्हतं घडलं. पण तपासून होईपर्यंत चैन नव्हतं.

पाइपफेल हा पर्याय चालू केला: पाइपलाइनमधली एकही कमांड फसली तर अख्खी पाइपलाइन फसली असं तो धरतो. त्याचबरोबर न भरलेलं व्हेरिएबल वापरलं तर थांबणारा पर्यायही. तो तात्पुरत्या फाइली साफ करणाऱ्या स्क्रिप्टसाठी फार गरजेचा आहे: फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये आहे ते रिकामं राहिलं तर "नाव, मग तिरपी रेघ, मग तारा" यातून नाव गळतं आणि पुसण्याची आज्ञा थेट मुळापासून लागू होते. मात्र व्हेरिएबल भरलेलं पण रिकाम्या स्ट्रिंगने भरलेलं असेल तर हा पर्याय गप्प राहतो. तिथे "रिकामं असल्यास थांब" ही वेगळी तपासणी टाकली.

एरर आली की स्क्रिप्ट थांबवणाऱ्या पर्यायावर मी आजवर फार विसंबलो होतो. इफच्या अटीतली कमांड फसली तर तो थांबवत नाही. एखादं फंक्शन अटीमध्ये बोलावलं तर त्या फंक्शनच्या पोटातही तो निष्प्रभ होतो. म्हणून महत्त्वाच्या पावलांनंतर निकाल स्वतः तपासतो.

पाइपफेलचा एक तोटाही लिहून ठेवतो. हेडसारखी कमांड हवं तेवढं वाचून पाइप बंद करते, मागची कमांड सिग्नलने मरते आणि १४१ हा कोड देते (१२८ अधिक १३). काही बिघडलेलं नसतं, तरी स्क्रिप्ट फसल्यासारखी दिसते. दोन ठिकाणी असं झालं.

११ मार्च

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल. सहा स्क्रिप्टा स्वल्पविरामावर ओळ तोडत होत्या. पत्त्याच्या रकान्यात स्वल्पविराम आला की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात, आणि आकडे आकड्यांच्याच रकान्यात पडले तर कुणाला कळतही नाही. अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळही असू शकते. म्हणजे "एक ओळ म्हणजे एक नोंद" हेही खरं नाही. सीएसव्हीचं बरंचसं रूढ रूप २००५ साली आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या दस्तऐवजामध्ये लिहिलं गेलं, पण प्रत्यक्षात फाइली त्याहून कितीतरी वेगळ्या येतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं तयार सीएसव्ही मॉड्यूल वापरलं. फाइल उघडताना नव्या ओळीचं रूपांतर बंद ठेवायचं, नाहीतर रकान्याच्या आतल्या ओळी बदलतात.

एन्कोडिंगचं (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धतीचं) एक. मराठी मजकुराची सीएसव्ही एक्सेलने नीट उघडावी म्हणून फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण लावतात. तीच फाइल परत साध्या यूटीएफ-८ म्हणून वाचली की ती न दिसणारी खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. मग "नाव" हा रकाना समोर दिसतो आणि स्क्रिप्ट म्हणते "नाव" नाही. पायथनमध्ये ही खूण ओळखून बाजूला करणारं वेगळं एन्कोडिंग आहे, वाचताना तेच द्यायचं. खूण नसली तरी ते नीट वाचतं.

१२ मार्च

रकमांची बेरीज. ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ येतं हे सगळ्यांना माहीत असतं. मला अडवलं ते पूर्णांकनाने. पायथन २.५ ला २ करतो आणि ३.५ ला ४: बरोबर मध्यावर असलेली संख्या जवळच्या सम अंकाकडे जाते. आणि २.६७५ दोन घरांपर्यंत आणली तर २.६७ येते, कारण आत साठलेली संख्या मुळातच २.६७५ पेक्षा किंचित लहान असते. रकमांसाठी डेसिमल (दशमान संख्या अचूक ठेवणारा प्रकार) वापरलं, पूर्णांकनाचा नियम उघड लिहिला. संपलं.

१४ मार्च

तारखा. फाइलींच्या नावात आता सगळीकडे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, प्रत्येकाला पूर्ण अंक. अशी नावं नुसती अक्षरानुक्रमे लावली तरी कालक्रमात येतात.

"काल" काढायला मी आत्ताच्या सेकंदांतून ८६,४०० वजा करत होतो. जिथे वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करतात तिथे एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. मध्यरात्रीच्या आसपास चालणारी स्क्रिप्ट मग परवाची तारीख देते किंवा आजचीच. तारखेतून एक दिवस वजा करायचा, सेकंदांतून नाही.

ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या तीन गोष्टी एकत्र टिपून ठेवतो, प्रत्येकीने माझा कधी ना कधी अर्धा दिवस घेतलाय. क्रॉनला आपला नेहमीचा पाथ (कमांडी कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) मिळत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट तिथे "कमांड सापडली नाही" म्हणते. ओळीतलं टक्क्याचं चिन्ह क्रॉन नवी ओळ समजतो, त्यामुळे तारखेची मांडणी (तिच्यात ही चिन्हं असतात) थेट तिथे लिहिली तर कमांड मधेच तुटते. आणि महिन्याची तारीख व आठवड्याचा वार दोन्ही दिले तर त्या "आणि" नाहीत, "किंवा" आहेत: १ तारीख आणि सोमवार लिहिलं की दर सोमवारी चालते, शिवाय १ तारखेलाही.

१७ मार्च

आज ज्या स्क्रिप्टवर माझा सगळ्यात जीव आहे ती घेतली. मजकूर देऊन कुठला शब्द किती वेळा येतो ते सांगणारी.

या कामाचा जुना नमुना प्रसिद्ध आहे. १९८६ साली डग्लस मॅकिलरॉय यांनी शब्द मोजण्याचं हेच काम सहा छोट्या कमांड पाइपने जोडून करून दाखवलं होतं: अक्षरं नसलेलं सगळं नव्या ओळीत बदल, मोठी अक्षरं लहान कर, क्रम लाव, सारखे शेजारी मोज, संख्येने उलटा क्रम लाव, वरचे हवे तेवढे दाखव. मला ती रचना आजही फार आवडते. माझी पहिली स्क्रिप्ट तिचीच नक्कल होती.

पण तिथे अक्षर म्हणजे रोमन ए ते झेड. मराठी मजकूर दिला तर सगळाच "अक्षर नसलेला" ठरतो आणि निकाल रिकामा येतो. म्हणून मी ती पायथनमध्ये आणली आणि शब्द ओळखायला रेगेक्समधला (मजकुरातले नमुने शोधण्याच्या भाषेतला) "शब्दातलं अक्षर" हा वर्ग वापरला. आज पहिल्यांदा निकाल नीट वाचला. "मराठी" हा शब्द यादीत नव्हताच. "मर" होतं आणि "ठ" होतं.

कारण असं: पायथनचं नेहमीचं रेगेक्स मॉड्यूल त्या वर्गात अक्षरं, अंक आणि अधोरेष घेतं. काना, वेलांटी, मात्रा, हलन्त यांना युनिकोडमध्ये (सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) "चिन्ह" ही वेगळी जात आहे, ती त्यात बसत नाही. म्हणून प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. ही स्क्रिप्ट मी इंग्रजी मजकुरावर तपासली होती, आणि "मजकूर म्हणजे इंग्रजीसारखा मजकूर" हे माझंच गृहीत होतं. मराठीत विचार करणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं याचं वाईट वाटलं.

उपाय: वर्ग स्वतः लिहिला. देवनागरीचा पट्टा युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ. त्यातून दंड, दुहेरी दंड आणि अंक वगळले, आणि जोडणारं व तोडणारं अशी दोन अदृश्य चिन्हं घेतली. आता "मराठी" अख्खा येतो.

१८ मार्च

आज यादीत "दुसऱ्या" तीन वेगवेगळ्या ओळींवर दिसला. तिन्ही पडद्यावर तंतोतंत सारखे.

कोड बिंदू, म्हणजे युनिकोडमधले अक्षरांचे क्रमांक, छापून बघितले. पहिल्यात नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असलेला ऱ एकच बिंदू आहे, मग हलन्त, मग या. दुसऱ्यात साधा र आणि नुक्ता वेगवेगळे. तिसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह. तिन्हींतून तोच आडवा रफार उमटतो. यूटीएफ-८ मध्ये पहिला २१ बाइटचा, उरलेले दोन्ही २४ बाइटचे. वेगवेगळ्या कीबोर्डांनी वेगवेगळी वाट धरली आहे. कुणीच चूक केलेली नाही.

युनिकोडचं एनएफसी हे सामान्यीकरण केलेलं (एकाच अक्षराच्या वेगळ्या नोंदी एकसारख्या करणारं) रूप घेतलं की पहिले दोन एक होतात, कारण र आणि नुक्ता जोडून ऱ बनतो. तिसरा मात्र तसाच राहतो. तो मानकानुसार वेगळाच क्रम आहे, त्यामुळे सामान्यीकरण त्याला हात लावत नाही. तिथे स्वतःचा नियम घातला: र, हलन्त, जोडचिन्ह असं दिसलं की ऱ आणि हलन्त. उरलेली अदृश्य चिन्हं मोजण्यापुरती काढली. मूळ मजकूर बदलत नाही, फक्त मोजण्याची किल्ली (शब्द ज्या रूपाने मोजला जातो ते रूप) अशी बनते.

याच नादात एक गैरसमजही गेला. एनएफसी म्हणजे सगळं जोडून टाकणं, असं मी समजत होतो. नुक्त्याचे क़, ज़, फ़ यांच्या बाबतीत ते उलट वागतं: एका बिंदूत आलेलं अक्षर फोडून दोन करतं. या अक्षरांना जोडण्यापासून मुद्दाम वगळलेलं आहे. म्हणून लांबी मोजून रकाना कापणारी माझी दुसरी स्क्रिप्ट सामान्यीकरणानंतर मोजायला लावली.

१९ मार्च

क्रमवारी. कोड बिंदूंनी लावलेल्या यादीत "काळ" हा "काव"च्या आधी येतो, कारण पट्ट्यात ळ हा ल आणि व यांच्या मधे बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. छोटा तक्ता केला, वर्णमालेतला क्रमांक हीच किल्ली. क्ष आणि ज्ञ हे पट्ट्यात स्वतंत्र नाहीतच, ते तीन बिंदूंचे क्रम आहेत. त्यांना आधी ओळखून मग ळ नंतर जागा दिली.

अंकांचंही बघितलं. पायथन देवनागरी "१२" ची संख्या विनातक्रार करतो आणि रेगेक्समधला अंकाचा वर्गही ते ओळखतो. जावास्क्रिप्टमध्ये तोच वर्ग फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक घेतो आणि रूपांतरातून "संख्या नाही" असं उत्तर येतं. म्हणजे समोरच्या फॉर्मने नाकारलेली नोंद मागची स्क्रिप्ट स्वीकारते. दोन्हीकडे आधी अंक एका लिपीत आणायचे, मग तपासायचे.

२१ मार्च

सेटिंगची फाइल बदलणाऱ्या चार स्क्रिप्टा. मधेच वीज गेली किंवा डिस्क भरली तर अर्धी फाइल उरायची. आता त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहून, पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलते. त्याच फोल्डरमध्ये हे महत्त्वाचं: दुसऱ्या फाइल सिस्टिमवर असेल तर नाव बदलणं म्हणजे आतून नक्कलच, आणि एका फटक्यात बदल होण्याची खात्री जाते.

एकाच वेळी दोनदा चालू नये म्हणून कुलूप लावलं. उरलेल्या लहानसहान पाच फक्त वाचून दोन ओळी लिहिल्या, बदललं काही नाही.

२४ मार्च

नावं बदलणारी स्क्रिप्ट मैत्रिणीला परत दिली. तिने बॅकअपमधून तेच ४३० फाइलींचं फोल्डर काढलं आणि काही पर्याय न देता चालवली. नऊ जोड्या दाखवून थांबली. तिने त्या हाताने सोडवल्या, मग खरी फेरी मारली. ४३० च्या ४३०.

संध्याकाळी तिच्याकडून एक बदल आला. कोडमध्ये काही नाही, वरच्या "गृहीत"खाली एक ओळ वाढवलेली: उपफोल्डरांमधल्या फाइलींना हात लागत नाही. मी हे लिहिलं नव्हतं. चाचणीसाठी एक उपफोल्डर करून चालवून बघितलं, तिचं म्हणणं बरोबर आहे. गिटमध्ये कॉमिट केलं.